भाताच्या खोलीतलं गाणं

"भाताला टेकू नका," असं म्हणत आमचे मालक जवळच्या गोणीवर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग कोपऱ्यातल्या खाटेवर मांडी घालून बसायचे, सदऱ्याच्या बाह्या वर सारायचे आणि हुकूम सोडायचे, "हां, आता सोडा गाना." शेतात पाटाचं पाणी सोडायला सांगतात, अगदी त्याच सुरात.

तुम्ही म्हणाल, गाण्याचा आणि भाताच्या गोण्यांचा संबंध काय? आम्हीही एके काळी तेच म्हणत होतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या, ज्यांच्यापुढे घरच्यांनी हात टेकले आहेत अशा काही जणांनी मिळून आम्ही एक हाय-फाय क्लब काढला होता. क्लबचं नाव इंग्रजीत होतं आणि ते न चुकता लिहिता येणारे आमच्यात दोघेच होते. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी जमायचं. कोणी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा, कोणी घरी बनवलेले स्पीकर आणायचे. एकच गाणं दोन-तीन यंत्रांवर ऐकायचं आणि मग कडाकडा भांडायचं. मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात कामाला, राहायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. बदलापूरचे सबनीस इंजिनिअर. मीटर लावल्याशिवाय त्यांचा देवावरही विश्वास बसत नसे. कॅम्प दोनच्या हरेशचं टीव्ही-टेपचं दुकान होतं, त्यामुळे वायरी, पिना आणि सल्ले यांची क्लबला कधी वाण पडली नाही. बाकीचे येऊन-जाऊन असायचे.

आमचं घोडं अडलं होतं जागेपाशी. फ्लॅटच्या भिंती अशा बोडक्या की टाळी एकदा वाजवावी आणि ऐकू दोनदा यावी. लाखमोलाचं यंत्र तिथे लावलं तरी आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा. शिवाय खालचे शेजारी काठीने छत ठोकायचे. लोडशेडिंग होतंच. वीज जायची वेळ बघून आम्ही गाण्यांचा क्रम लावत असू.

अशात एका गणपतीच्या आधी हरेशचा फोन आला. "साईं, सब छोड के आ जाओ. ये क्या जगह है, मेरे को कुछ समझ में नहीं आता."

बदलापूरला कात्रपच्या मागच्या अंगाला, नव्या इमारतींच्या मध्ये एक कौलारू घर आणि घरामागे भाताचं शेत अजून शिल्लक होतं. तिथल्या एका गृहस्थांनी गणपतीसाठी हरेशच्या दुकानातून सिस्टीम घेतली होती. घरात रंगकाम चाललेलं, म्हणून हरेशने ती तात्पुरती भाताच्या खोलीत लावून दाखवली, आणि दाखवता दाखवता तोच खुळावला. आम्ही पोचलो तेव्हा तो गोण्यांच्या मध्ये उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि घरातली माणसं दारातून त्याच्याकडे काळजीने बघत होती.

खोली साधीच. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, आणि तीन बाजूंना पार वरपर्यंत रचलेल्या भाताच्या गोण्या. सबनिसांनी पिशवीतून एक सीडी काढून लावली. ठुमरी होती. गाणारीने सूर लावण्याआधी श्वास घेतला आणि तो श्वास आम्हाला ऐकू आला. ती सीडी आम्ही शंभरदा तरी ऐकली असेल, पण ती बाई श्वास घेते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सबनीस मीटर काढायचं विसरले, यावरून काय ते समजा.

"काय, बरा बोलतंय ना?" घरधन्याने विचारलं. त्याला वाटलं, आम्ही सिस्टीमला नावं ठेवायला आलोय.

त्या दिवसापासून आमचा क्लब त्या खोलीत भरू लागला आणि क्लबात त्या घरधन्यांना 'मालक' हे नाव पडलं. ठेंगणे, सावळे, पन्नाशी उलटलेले, कानाच्या पाळीवर केसांचा झुपका. बायको बरीच वर्षं झाली वारलेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या यांच्यासोबत राहायचे. शेत मुख्यतः हेच बघायचे. पूर्वी त्यांच्या घराण्याची खाडीकडे मिठागरंही होती म्हणे. संगीतातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असा त्यांनी कधी आवही आणला नाही. दोन यंत्रांतलं कुठलं चांगलं, असं विचारलं की हमखास म्हणायचे, "दोनी चांगले. घरात आलेल्या पावन्यात काय डावा-उजवा करायचा?"

पण चौकसपणा मात्र असा, की सबनिसांची उत्तरं संपत पण यांचे प्रश्न संपत नसत. "ह्या डब्याला तापायला का लागतंय?" "बायचा आवाज वरच्या भोकातून येतंय न् ढोलाचा खालच्या, मंग त्यांला कसा कळतं कोनी कुठना जायचा?" एकदा तर त्यांनी भावजयीकडून सूप मागवलं, त्यात मूठभर भात टाकलं आणि ते आमच्या सगळ्यात मोठ्या स्पीकरवर आडवं ठेवलं. सबनीस "अहो, अहो" करेपर्यंत तबल्याचा डग्गा सुरू झाला. दाणे सुपात थुईथुई नाचू लागले. मालक वाकून बघत राहिले. भरीव दाणे एकीकडे आणि पोचट दुसरीकडे सरकायला लागले, तेव्हा त्यांनी भावजयीला हाक मारली, "ये गो, बघ, तुझा काम ह्यो करतंय!" पुढे सबनीसही गुडघ्यावर बसून सुपात डोकं घालून होते. त्या संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरची तुलना झालीच नाही.

भात म्हटलं की उंदीर आलेच. एकदा एका सतारीच्या तारेबरोबर बारीक किरकिर यायला लागली. सबनिसांनी वरचा स्पीकर बदलला, वायर बदलली, हरेशने व्होल्टेजला शिव्या दिल्या. मालक खाटेवरून उठले, बाहेर गेले आणि मांजर घेऊन आले. किरकिर थांबली. तेव्हापासून मांजर क्लबची सभासद.

आता आमच्या क्लबच्या अब्रूची गोष्ट सांगतो. मुंबईचा एक विक्रेता आपलं परदेशी यंत्र दाखवायला येणार होता. यंत्र एवढं जड की दोघांनी धरून आणावं. आम्ही मोठ्या ऐटीत त्याला सांगून ठेवलं होतं, अशी खोली तुम्ही मुंबईतही ऐकली नसेल. तो आला, यंत्र लावलं, आणि गाणं सुरू झालं ते कानात दाभण घातल्यासारखं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सबनीस म्हणाले, "वरचा भाग फार तिखट आहे." हरेश म्हणाला, "पॉवर है, पर मिठास नहीं." मीही काहीतरी ठेवणीतलं बोललो. विक्रेता घामाघूम होऊन बटणं फिरवत होता. तासभर त्या बिचाऱ्या यंत्राची आम्ही सालं काढली.

एवढ्यात मालक चहा घेऊन आले. चेहरा आनंदाने फुललेला. "आज जागा कशी मोकली झाली ना? मुंबईचे पावने येनार म्हनून भात काल गिरनीला धाडला. खुर्च्या पन मांडल्या."

तेव्हा आम्ही पहिल्यांदा भिंतींकडे बघितलं. एकही गोणी नव्हती, आवाजाचा घुमारा पिणारं काहीच उरलं नव्हतं. तासभर आम्ही त्या खोलीत बसलो होतो, आणि कान एवढे तल्लख असलेल्या आमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना. सबनिसांनी उठून विक्रेत्याची माफी मागितली. मालकांना मात्र वाटलं, चूक त्यांची झाली. कितीही समजावलं तरी ते "मना ठावच नव्हता" एवढंच म्हणत राहिले. पुढच्या सुगीपासून त्यांनी घरात सांगूनच टाकलं, खायचं भात पुढच्या पडवीतून न्या. खोलीतल्या गोणीला क्लबला विचारल्याशिवाय हात लागणार नाही. भावजय पदर तोंडाला लावून हसली. भाऊ हसला नाही.

भावाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. शेताचं पाणी अडलं होतं, बांधावर लोक कचरा टाकत होते. एक बिल्डर घर आणि शेत दोन्ही मागत होता, बदल्यात दोन्ही भावांना फ्लॅट देणार होता. पुतण्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडचे म्हणत होते, आधी पक्कं घर दाखवा. भावाची सही झाली होती. मालकांची राहिली होती. त्या खोलीवर टांगती तलवार होती आणि ती त्यांच्याच सहीने पडणार होती.

"सही करीन," ते म्हणायचे, "पन खोलीचा काय?"

बिल्डरच्या कानावर हे गेलं. गृहस्थ हुशार. एका रविवारी तो स्वतःच आमच्या कार्यक्रमाला येऊन बसला, पेढे घेऊन. त्याने भाताला टेकून सगळं ऐकलं, मध्ये दोनदा मोबाइलवर बोलला आणि शेवटी म्हणाला, "अंकल, टेन्शन नको. तुमच्या फ्लॅटमध्ये एक रूम साउंडप्रूफ करून देतो. एकदम थिएटर."

"बरा," मालक म्हणाले. "न् भात कुठं ठेवायचा?"

बिल्डर मनापासून हसला. "अंकल, फ्लॅट में भात कौन रखता है?"

मालकही हसले, पण उशिरा, आणि आमच्याकडे बघून. क्लबात त्यावर पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणालं, अडवून धरा. कोणी म्हणालं, खोली तेवढी वगळायला सांगा. आम्हाला काय जात होतं म्हणायला? दर महिन्याला दोन तास गाणं ऐकून आम्ही आपापल्या घरी जाणारी माणसं.

त्यांनी सही केली ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. ते अंबरनाथला कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे होते, हातात पिशवी. "दिली सही," म्हणाले. वर त्यांनीच माझी समजूत घातली. "पोराचा लगीन थांबवून गाना आयकत बसू काय मी? तुमीच सांगा." पिशवीत क्लबच्या वायरी होत्या. खोली पाडताना हरवू नयेत म्हणून गुंडाळून आणून दिल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. कँटीनमध्ये चहा घेऊ म्हटलं तर थांबले नाहीत.

इमारत उभी राहीपर्यंत ते सगळे भाड्याच्या जागेत राहिले आणि आमचा क्लब पुन्हा फ्लॅटोफ्लॅटी हिंडला. पुतण्याचं लग्न झालं. पुढे चावी मिळाली आणि मालकांनी पहिल्याच रविवारी सगळ्यांना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट, गुळगुळीत फरशी, पांढऱ्या भिंती. साउंडप्रूफ खोलीचं काय झालं ते बिल्डरलाच ठाऊक. गाणं लावलं आणि तीच जुनी गत, न्हाणीघर.

सबनिसांनी हार मानली नाही. पडदे आणले, गाद्या उभ्या केल्या, भिंतींना फोम चिकटवला. मालक त्यांच्या हाताखाली खिळे, हातोडी देत होते. आवाज थोडा सुधारला, पण गाणारी बाई काही समोर येऊन बसेना. शेवटी मालक म्हणाले, "सबनीसभाव, उगाच कशाला भिंतीला मारताव? जे पायजे ते तुमाला पन ठाव हाय न् मना पन."

पुढच्या खेपेला गेलो तर तीन बाजूंना गोण्या लागलेल्या. आम्हाला हर्षवायू व्हायचा बाकी होता. हरेशने तर त्यांना मिठी मारली. ठुमरी लावली. बाईने श्वास घेतला, तो ऐकू आला. जुन्या खोलीतल्यासारखा तंतोतंत नव्हे, पण आला. सबनिसांनी डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

मालक त्या दिवशी खाटेवर बसले नाहीत. गोण्यांपाशी उभे होते. एका गोणीचं तोंड किलकिलं करून त्यांनी दाणा काढला, दाताखाली धरला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"आवाज आला," मी म्हटलं.

"आला," ते म्हणाले. "भात बाजारातना आनला. कोनाच्या शेतातला हाय, तो दुकानदाराला पन ठाव नाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने आयुष्यभर भात पेरलं, कापलं, विकलं, लग्नाकार्यात वाटलं. विकत घेतलं ते पहिल्यांदाच, आणि तेही आमच्यासाठी. घरात एवढं भात असून ते त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. आम्ही खुशीत गाण्यामागून गाणी लावत होतो. त्यांनी नेहमीसारखा एकही प्रश्न विचारला नाही.

पावसाळा लागला. आषाढातल्या एका रविवारी आम्ही बेल वाजवली तर शेजारच्या फ्लॅटमधून भावजय चावी घेऊन आली. "भावजी नाहीत. लावणीला गेलेत."

"कुणाच्या?" सबनिसांनी विचारलं.

मुरबाडकडे त्यांची बहीण दिलेली होती. तिच्या गावात एकाचं शेत पडीक होतं, ते यांनी अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने, करायला घेतलं होतं. साठीला टेकलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जाणारा.

"आम्ही खूप सांगितलं," भावजय म्हणाली. "ऐकतील तर ना. म्हणाले, इकतच्या भातात बसून गाणं ऐकायची लाज वाटते." मग दार उघडत म्हणाली, "तुम्ही बसा. चहा टाकते. ते सांगून गेलेत, गाणं थांबवू नका म्हणून."

दिवाळीनंतर त्यांचं भात आलं. कात्रपच्या भर बाजारातून टेम्पो वाट काढत आला आणि गोण्यांच्या राशीवर उन्हाने रापलेले मालक बसले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. वॉचमन गोण्या लिफ्टमध्ये चढवू देईना, तेव्हा ते त्याच्याशी असे कडाडून भांडले की वरच्या खिडक्या उघडल्या. इतकं खूश मी त्यांना त्या जुन्या घरातही पाहिलं नव्हतं. बाजारचं भात त्यांनी गिरणीला धाडलं आणि आपलं भिंतीला लावलं. त्या दिवशी त्यांचे सगळे साठलेले प्रश्न एकदम बाहेर पडले. सबनिसांना जेवायला उशीर झाला.

पण राहिले नाहीत. बांधावर वाल टाकलेत, म्हणाले, आणि टेम्पोतूनच परत गेले. मग तसंच होत गेलं. ते गावाला राहायला लागले. फ्लॅटची एक चावी माझ्याकडे आली. वर्षातून एकदा, सुगी झाली की भात घेऊन यायचे, एखादं गाणं ऐकायचे, जुन्या गोण्या घेऊन जायचे. खोली होती, भात होतं, यंत्रं दर महिन्याला नवी येत होती, आणि ते नव्हते. आम्ही त्यांची आठवण काढायचो, पण खरं सांगायचं तर आवाज चांगला लागल्यावर माणूस कार्यक्रमात रमतोच.

पुढच्या एका श्रावणात ते गेले. शेतावरून येऊन पडवीत टेकले, तेवढंच. आम्ही सगळे त्यांच्या गावाला जाऊन आलो. त्यानंतर क्लब भरवायचा विषय कोणी काढला नाही. चावी माझ्या कपाटात पडून राहिली. यंदा गोण्या बदलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर भावजयीचा फोन आला, इकडे या, टेम्पो आलाय. मी हरेशला आणि सबनिसांना कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो फाटकाशी उभा होता, गोण्यांनी भरलेला. त्यांचा भाचा, बहिणीचा मुलगा, चाकाला टेकून उभा होता. मालक गेले तेव्हा त्याला आम्ही गावाला पाहिलं होतं.

"मामानं पेरला," तो म्हणाला. "कापला आमी. आय बोलली, हा तिकरंच गेला पायजे."

वॉचमनने आपणहून फाटक उघडलं. वीज गेलेली होती, लिफ्ट बंद. सबनिसांची पाठ धरलेली असते, तरी पहिली गोणी त्यांनीच खांद्यावर घेतली आणि कोणी त्यांना अडवलं नाही. जिन्यात दोनदा थांबले. आम्ही मागोमाग चढवत राहिलो. भाचा वर उभा राहून रचत होता, मामाने रचाव्यात तशाच, तोंडं आतल्या बाजूला करून.

त्या संध्याकाळी यंत्र लावलं नाही, वीजच नव्हती. गोण्या लावून झाल्यावर आम्ही फरशीवर बसलो. भावजयीने चहा आणला. भाचा त्यांच्या शेवटच्या लावणीचं सांगत होता, हरेश मध्येच काही विचारत होता. सगळे अगदी हळू बोलत होते, आणि तरी त्या खोलीत प्रत्येकाचा शब्द प्रत्येकाला नीट ऐकू येत होता.